आई, पूल आला

मेलेल्या सासूला एक बस, दोन आगगाड्या, एक टेम्पो आणि दोन होड्या करून तिच्या गावी पोचवायचं, एवढंच काम होतं. कोणीही केलं असतं. मी सरकारी नोकर असल्यामुळे त्याला दोन खेपा लागल्या.

सासूबाई गेल्या त्याला त्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी शंभर दिवस होणार होते. त्यांचं प्रेत माझ्या मेहुण्याने तेव्हाच पिकअपमध्ये घालून लम्जियाकच्या कालव्यावर, त्यांच्या घरी नेलं होतं आणि दहनही तिथेच झालं होतं. पण मेहुणा भलता घाईचा माणूस. आमच्याकडे प्रेत नेताना वाटेतलं प्रत्येक वळण आणि प्रत्येक पूल मयताला सांगत जायचं असतं, 'आई, डावीकडे वळतोय', 'आई, पूल आला'. नाहीतर देह पुढे जातो आणि आत्मा पाण्याच्या अलीकडे उभा राहतो. मेहुणा उड्डाणपुलांवरून गाणी लावून सुसाट गेला. नंतर विचारलं तर म्हणाला, "वरून गेलो ना, मग खाली पाणी होतं की नाही मला काय ठाऊक?"

तेव्हापासून माझ्या बायकोला, उराईला, रोज पहाटे एकच स्वप्न पडत होतं. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या लांब बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते आहे, "लम्जियाकला कुठली गाडी जाते?" आणि कोणी सांगत नाही. उराई दचकून उठायची ती पुन्हा झोपायची नाही. नव्याण्णव दिवसांत माझी बायको निम्मी झाली होती, आणि आत्मा शंभराव्या दिवसाच्या पूजेआधी घरी पोचला नाही तर तो कायमचा तिथेच राहतो, अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत होती.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण ती मला सलते. सासूबाई दर महिन्याला एकट्या आमच्याकडे यायच्या. त्या दिवशी त्यांनी स्टेशनवरून फोन केला, नारळाच्या साखरेची पिशवी जड आहे, जरा घ्यायला या. उराई कामावर होती. मला सुट्टी होती आणि टीव्हीवर बॉक्सिंग चालू होतं. मी म्हणालो, "आई, रस्ता तुमच्या पायाखालचा आहे, या सावकाश." स्टेशनबाहेरच्या बसथांब्यावर त्या कोसळल्या आणि इस्पितळात नेल्यावर तिथेच गेल्या. उराई मला याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

तर सल्ला विचारायला आम्ही समोरच्या सुमोन मावशींकडे गेलो. आमच्या गल्लीतल्या जिवंत माणसांच्या बातम्या त्यांना असतातच, पण मेलेल्यांच्याही असतात.

"बोलावून आणायचं आणि घरी पोचवायचं," मावशी म्हणाल्या. "पण उराईने जायचं नाही. ती रडणार. रडणाऱ्याने हाक मारली की आत्म्याचा पाय निघत नाही. कोरडा माणूस पाहिजे." आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"जावयाइतकं कोरडं माणूस शोधून सापडायचं नाही," मावशींनी निकाल दिला.

मी टॅक्सी करू म्हणालो. त्यावर शेजारचे थवीकाका, जे रेल्वेतून निवृत्त झाले तरी रेल्वे त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही, कुंपणावरून म्हणाले, "म्हातारी आयुष्यात टॅक्सीत बसली होती का? तिला माहीत असलेल्या वाटेनेच न्यायला हवं. इथून बस, वोंगवियन याईहून महाछायची गाडी, तिथे तरीच्या होडीतून नदी ओलांडायची, पलीकडे बान लेमहून मेक्लोंगची गाडी, मग दोन बाकांचा सोंगथेव टेम्पो, मग होडी. बान लेमची गाडी साडेसातला. ती चुकली तर पुढची सोडून दे, ती आजकाल भरवशाची नाही, एकदम दीडची." मावशींनी वीस सूचना दिल्या. काळा शर्ट नको, मागे वळून बघायचं नाही, गाडी बदलताना मोठ्याने सांगायचं, लाजायचं नाही. एकविसावी सूचना त्यांच्याकडून राहिली, पण तो घोळ पुढे येतोच.

आमच्या कचेरीत मेलेल्या सासूला पोचवण्यासाठी रजेचा प्रकार नाही. मी नोंदणी खात्यात चार नंबरच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसतो. अर्जावर नाव, आडनाव, घर क्रमांक यांपैकी एक जरी राहिलं तरी तो अर्ज मी परत करतो, मग समोर माणूस रडो की पाया पडो. या कीर्तीला धक्का नको म्हणून मी रजेच्या अर्जावर 'ताप' लिहिलं.

पहाटे इस्पितळात गेलो. तळमजला रिकामा होता आणि तो लांब बाक उराईने सांगितला होता अगदी तिथेच होता. ती या इस्पितळात त्या एकाच दिवशी आली होती आणि तेव्हा ती जमिनीकडे बघत होती, हे मला आठवलं. मी उदबत्ती लावली, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि खाकरून म्हणालो, "आई, चला. घरी जाऊ."

बाक करकरला.

लाकूड आहे, करकरतं, असं स्वतःला समजावत मी बाहेर पडलो. मागे वळून बघायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही नव्हतं.

बसमध्ये तिकीटवाली बाई तिकिटांची पत्र्याची नळी खडखडवत आली आणि तिने दोन तिकिटं फाडली. मी म्हणालो, "बाई, मी एकटाच आहे." तिने माझ्या डाव्या बाजूला एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एक तिकीट परत घेतलं. मोठ्या पुलावर मी पुटपुटलो, "आई, पूल आला." माझा डावा दंड एव्हाना गार पडला होता, धुतलेलं ओलं धोतर कोणी शेजारी वाळत घालावं तसा. बस भरत गेली. माणसं दांड्याला लोंबकळत उभी राहिली, पण माझ्या शेजारच्या जागेवर कोणी बसेना. एक पोक्त बाई बसायला वाकली आणि "माफ करा हं" असं त्या रिकाम्या जागेला म्हणून पुढे गेली.

महाछायच्या गाडीतही तेच. खिडकीची लाकडी झडप दोनदा आपोआप खाली आली, आणि दोन्ही वेळा मी "बरं, बरं" म्हणत ती तशीच राहू दिली. एक गोष्ट मात्र खटकत होती. सासूबाईंच्या अंगाला जन्मभर उकळत्या नारळाच्या साखरेचा वास. इथे वास येत होता सुकटीचा. शंभर दिवस इस्पितळात काढल्यावर कोणाचाही वास बदलेल, असा शेरा मारून मी ते प्रकरण मनातल्या मनात निकाली काढलं. सरकारी नोकराला शेरा मारल्याशिवाय चैन पडत नाही.

महाछायला "आई, उतरायचं" म्हणून मी उतरलो आणि तरीवर जाऊन उभा राहिलो. नदी आली की सांगायचं असतं. मी तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "साहेब, ताप उतरला वाटतं?"

आमच्या कचेरीतला तीन नंबरच्या खिडकीवरचा प्रसान. त्याची सासुरवाडी नेमकी पलीकडे, आणि तोही नेमका त्याच दिवशी रजेवर.

"वाऱ्याने बरं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले," मी म्हणालो.

"बरोबर कोणी आहे का?"

"छे, कोण असणार?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःलाच तोंडात मारल्यासारखं झालं. तो माझ्या शेजारी उभा राहून माझ्या तापाबद्दल कनवाळूपणे बोलत राहिला, आणि नदी मधोमध आली, काठ आला, तरी मी सासूबाईंना एका अक्षराने काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मी त्यांना वाटेत टाकलं होतं, तेही तीन नंबरच्या खिडकीला घाबरून.

बान लेमला गाडी उभी होती. मी जाऊन बसलो. लगेच एक गलेलठ्ठ माणूस आला, माझ्या शेजारच्या जागेवर धपकन बसला आणि घोरायला लागला.

दंड चाचपून पाहिला तर उबदार. सुकटीचा वास नाही. पहाटेपासून ज्या गारव्याने माझी गाळण उडाली होती तो नाहीसा झाल्यावर मी जितका घाबरलो तितका आयुष्यात घाबरलो नव्हतो. उराईला काय सांगू? तुझी आई जिवंत होती तेव्हा मी तिला आणायला गेलो नाही, आणि मेल्यावर आणायला गेलो तर तरीवर हरवली?

मी खाली उतरलो, साडेसातची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली आणि मी परतीची तरी पकडली. महाछायच्या स्टेशनात बाजार आणि फलाट एकमेकांत मिसळलेले आहेत. तिथे मी सुकटीच्या टोपल्यांमधून, मोकळ्या बाकांपुढे वाकून, "आई, चला ना, चुकलं माझं," असं म्हणत हिंडलो. लोकांनी वाट करून दिली. वेड्याला आणि वरिष्ठांना लोक अशीच वाट करून देतात.

शेवटी सुके माकूळ विकणाऱ्या एका म्हातारीने मला शर्टाला धरून खाली बसवलं. तिला काही फार सांगावं लागलं नाही.

"हाक कशी मारलीस?" तिने विचारलं.

"आई, चला, घरी जाऊ."

"नाव?"

"नाव कशाला? आई म्हणजे आईच."

म्हातारीने हातातला माकूळ खाली ठेवला. "अरे, एवढं मोठं इस्पितळ. तिथे किती जणांच्या आया बसल्या असतील. नाव नाही घेतलंस तर ज्या आईला घरी जायचंय ती उठणार. तू बसला असतास तर तू नसतास उठला?"

सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं अपुऱ्या नावाचा अर्ज मी खिडकीबाहेर फेकला होता. मी म्हातारीच्या टोपलीजवळ आणखी सरकलो. मग हळूच विचारलं, "मग माझ्याबरोबर आली ती कोण?"

म्हातारीने हनुवटीने फलाटापलीकडचं एक सुकटीचं दुकान दाखवलं. त्याचं लोखंडी शटर अर्धं वर होतं. "कुई वहिनीचं दुकान. पावसात तिला तुमच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, ती तिथेच गेली. तेव्हापासून दुकान बंद. आज पोरीने पहिल्यांदा उघडलं. जा, विचार का उघडलं ते."

आत एक तरुण बाई शांतपणे सुकट निवडत होती. मी गिऱ्हाईक असल्यासारखा उभा राहिलो आणि "आज बऱ्याच दिवसांनी उघडलंत?" असं म्हणालो.

"आई आली ना," ती म्हणाली, बोंबील महाग झाले असं सांगावं तितक्या सहज. "सकाळची गाडी आली आणि स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. ती तशीच आपटायची. मग मागचं दार, मग माझं पांघरूण ओढलं, दुकान उघड म्हणून. तीन महिन्यांत घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कोणी आणलं तिला, काय माहीत. भेटला तर पाया पडेन."

मी काही बोललो नाही. चुकीच्या अर्जावर काम होऊन गेलं तर कारकून कधी बोलत नाही. तिने न मागता पावशेर सुकट माझ्या हातात दिली, आणि आतून, जिथे कोणी नव्हतं, एक पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी पळालो म्हटलं तरी चालेल.

पुन्हा शहर, पुन्हा इस्पितळ, वाटेत घरी थांबून, मृत्यूच्या नोंदीसाठी माझ्याकडे राहिलेलं सासूबाईंच्या घराचं नोंदणी पुस्तक घेतलं. आता दिवसाचे दहा वाजून गेले होते आणि दारावर पहारेकरी होता.

"रुग्णाचं नाव आणि वॉर्ड?"

"रुग्ण नाही. म्हणजे होत्या. शंभर दिवसांपूर्वी."

मला वाटलं हा आता मला परत पाठवणार, आणि मी असतो तर पाठवलंच असतं. पण त्याने माझ्या हातातली उदबत्ती पाहिली आणि आवाज खाली आणला. "पहाटेही तुम्हीच आला होतात ना? तुम्ही हाक मारलीत तेव्हा तो बाक तीनदा करकरला. तुम्हाला दिसलो नाही, पण मी इथे बसून मोजतो, दुसरं काम काय असतं. तुम्ही बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने पुन्हा दोनदा करकरला. म्हणजे दोघी परत येऊन बसल्या." मग तो म्हणाला, "जाताना मागच्या दाराने न्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते आपोआप उघडणारं दार कळत नाही."

उठून परत बसलेल्या त्या दोघींतल्या एक माझ्या सासूबाई असणार, हे मला तेव्हा कळलं. त्या उठल्या होत्या. मी त्यांना पुन्हा तसंच सोडून गेलो होतो. डोळे भरून आले, पण कोरडं राहायचं होतं म्हणून मी घाम पुसल्यासारखे पुसले. मग भर गर्दीत, चारशे माणसांसमोर, मी नोंदणी पुस्तक उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "श्रीमती प्रयोंग थोंगखाम. घर क्रमांक सत्तावीस, वॉर्ड तीन, लम्जियाक कालवा. आई, मी सोम्फोत. उराईचा नवरा. तुम्हाला न्यायला आलोय."

गर्दीत बाकाचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. पहारेकऱ्याने लांबून एक बोट वर केलं.

मी मागच्या दाराने निघालो, आणि या खेपेला एकही पूल सोडला नाही. बसमध्ये ओरडलो, गाडीत ओरडलो, तरीवर तर असा ओरडलो की नावाडी "हो, हो, नदीच आहे" असं म्हणाला. माझ्या शेजारची जागा मात्र दर वेळी लगेच भरली, आणि दंडही उबदारच राहिला. बान लेमच्या दीडच्या गाडीत माझा धीर सुटत चालला होता, तेवढ्यात लक्ष गेलं. दाराजवळची, माझ्यापासून सगळ्यात लांबची जागा रिकामी होती, आणि उभी असलेली माणसं तिला टेकत नव्हती. सासूबाई हयातीत कधी माझ्या शेजारी बसल्या नव्हत्या. जेवायलाही त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या जागेकडे बघून वाकून नमस्कार केला, आणि तिथे उभा असलेला एक शाळामास्तर उगीचच उलट नमस्कार करून मोकळा झाला.

मेक्लोंगहून सोंगथेवच्या मागच्या बाकावर आम्ही दोघं होतो, म्हणजे मी एकटाच होतो, आणि समोरचा अख्खा बाक मोकळा. साडेतीनला तरंगत्या बाजाराच्या धक्क्यावर उतरलो. बाजार ऐन भरात होता. होड्यांना होड्या घासत होत्या, शिंपल्या तळल्याचा धूर पाण्यावर पसरला होता, आणि या काठाची बाई त्या काठाच्या बाईला भावावरून शिव्या घालत होती. चम्रियांग मावशी, ज्यांनी सासूबाईंच्या होडीला होडी लावून चाळीस वर्षं धंदा केला, त्या उराईचा फोन आल्यामुळे मला घरापर्यंत सोडायला होडी घेऊन उभ्या होत्या.

"एकटेच?" त्यांनी विचारलं.

"दोघं," मी या वेळी न लाजता म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, बांधलेल्या हारांना हात जोडले, आणि आम्ही निघालो. मी नाळेकडच्या फळीवर बसलो. होडी उजवीकडे कलली. "मधोमध बसा," मावशी म्हणाल्या. मी मधोमध बसलो. होडी कललेलीच राहिली. मावशींनी पाहिलं आणि वल्हं दुसऱ्या हातात घेतलं.

बाजारातून आम्ही जात होतो तसा आमच्या आजूबाजूचा आवाज विझत होता. बायका आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या फक्त आपापलं वल्हं पाण्यातून वर काढून गुडघ्यावर ठेवत होत्या, आणि आम्ही पुढे गेलो की मागे पुन्हा गलका सुरू होत होता. वळणावर एक आंधळी म्हातारी केळीच्या पानात भात बांधत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आज उशीर केलास गं, प्रयोंग."

तिची नात म्हणाली, "आजी, कोणाशी बोलतेस? प्रयोंग आजी गेली ना."

"गेली होती," म्हातारी म्हणाली आणि दुसरं पान घेतलं.

माझ्या मानेवरचे केस ताठ उभे होते. पण घर आता दोन वळणांवर आलं होतं, आणि ते सांगायला मला पुन्हा संधी मिळणार नव्हती. मी त्या कललेल्या बाजूकडे तोंड केलं. "आई," मी म्हणालो, "त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं. बॉक्सिंग बघत होतो. तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही. चुकलं माझं." एवढंच. मी घरून बरंच मोठं भाषण तयार करून आणलं होतं, पण त्यातलं काही आठवेना. मावशी पाण्याकडे बघत वल्हवत राहिल्या.

घराच्या पायऱ्या दिसल्या. आता 'आई, घर आलं' असं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. होडी पायरीला लागली सुद्धा नव्हती, हातभर अंतर होतं, तेवढ्यात ती एकदम हिंदकळली आणि सरळ झाली. मी माझ्या जागेवर बसलेलो होतो. मावशी बसलेल्या होत्या. सगळ्यात खालची पायरी कोरडी होती, तिच्यावर पाणी उडालं.

"कायमची घाईची," मावशी म्हणाल्या. "होडी बांधूसुद्धा देत नसे."

मी पायऱ्यांवर बसून उराईला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"पोचली?"

"उतरल्या. मी सांगायच्या आत."

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही बोललात तिच्याशी? त्या दिवसाचं?"

"बोललो."

"काय म्हणाली?"

"माझ्याशी कधी बोलायच्या त्या? उतरून गेल्या."

उराई हसली. मग रडली, आणि आता रडायला हरकत नव्हती म्हणून मीही लाज सोडली. मावशी होडी धरून शांतपणे बसून राहिल्या. डोळे पुसून मी म्हणालो, परतीची गाडी संध्याकाळची आहे, यायला रात्र होईल, तू जेवून झोप, रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

"नको," उराई म्हणाली. "किती वाजताची गाडी ते सांगा. मी स्टेशनवर घ्यायला येते."